लिंबावरचं चाक

पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याला निघणारा माणूस गाडी तपासत नाही, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, चार्जर घेतला का, सासूबाईंच्या कमरेला उशी आहे का, येताना चिक्कीला डिकीत जागा उरेल का, हे सगळं तो दोनदा पाहतो. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरची वाळली असेल तर ताजी आणतो. पाहायची राहतात ती चार चाकं. पाचवं, म्हणजे स्टेपनी, तर बॅगांच्या ढिगाऱ्याखाली गाडलेलं असतं आणि त्यात हवा आहे की नाही हे पंक्चर झाल्यावरच कळतं.

माझं म्हणणं असं, की तपासणीचा विधी आपल्याकडे आहेच, फक्त त्यात नजर घालायची राहून गेली आहे. नवी गाडी आली की आणि दर दसऱ्याला आपण चाकाखाली लिंबू ठेवतो. लिंबू ठेवायला यजमान उकिडवा बसतो, गुडघे कुरकुरतात आणि टायर त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर येतो. त्या क्षणी त्याने लिंबावरून नजर जरा वर उचलली, तर रबराच्या खाचांच्या तळाशी एक बुटकी आडवी पट्टी दिसेल. वरचं रबर झिजून तिच्या पातळीला आलं, की खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बाद झाला. तिथेच बाजूला चार आकडे उमटवलेले असतात. २३१९ असेल, तर हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. लग्नाआधी पत्रिका सात ज्योतिष्यांना दाखवणारा आपला समाज ही एक जन्मवेळ मात्र कधीच वाचत नाही. यजमान हळद-कुंकू वाहतो, लिंबू चिरडतो आणि पेढे वाटायला उठतो.

लोणावळ्याच्या याच घाटात रेल्वेचाही एक विधी आहे. बोरघाटातून गाडी १८६३ सालापासून धावते. चढ सदतिसास एक. वर येताना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात आणि उतरताना आधी गाडी थांबवून ब्रेक तपासतात. काल हीच गाडी सुखरूप उतरली होती, ही सबब तिथे चालत नाही. एवढं करूनही गाडी निसटलीच तर तिला अडवायला चढावर नेणारे आंधळे फाटे बांधून ठेवले आहेत. दीडशे वर्षांहून जास्त काळ रेल्वेने या उतारावर स्वतःवरच विश्वास ठेवलेला नाही. आपण मात्र सव्वासहाशे मीटर उंचीवरच्या लोणावळ्याहून खोपोलीकडे, गियर न बदलता, ब्रेकवर पाय दाबून, भजी खात उतरतो. ब्रेक तापतात, त्यातलं तेल जुनं आणि ओल धरलेलं असेल तर उकळू लागतं आणि पाय नुसताच खाली जातो.

यावर उत्तर ठरलेलं असतं : ‘सर्व्हिसिंग झालंय, पीयूसी आहे.’ पीयूसी धूर तपासतं, ब्रेक नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर सरकारी निरीक्षक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ट्रकवाल्याला फिटनेसचा कागद लागतो, तरी त्याचा क्लीनर ढाब्यावर उतरला की टॉमीने एकेक टायर ठोकत फिरतो आणि आवाजावरून कोण बसलंय ते सांगतो. जुन्या फियाटवाल्यांवर हसायची पद्धत आहे, कारण खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून ते रेडिएटर थंड व्हायची वाट पाहत उभे असत. पण गाडी दगा देणार याची खात्री असल्यामुळे ते निघण्याआधी पाणी, ऑइल, पट्टा सगळं बघून निघत. आताच्या गाड्या दगा देत नाहीत, हीच अडचण आहे.

दुसरा आक्षेप रास्त आहे : माणसं टायरपेक्षा वेगाने जास्त मरतात. कबूल. पण वेग आणि टायर ही काही वेगवेगळी प्रकरणं नाहीत. हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दबते आणि त्या चेपाचेपीने रबर तापतं. गावातल्या खड्ड्यांत ते खपून जातं. २००२ साली पूर्ण झालेल्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेच्या सलग काँक्रीटवर, शंभरच्या वेगाने, उन्हाळ्याच्या दुपारी खपत नाही. हवा बघायची ती चाकं गार असताना. पुण्याहून उर्से टोलनाक्यापर्यंत आलेल्या गाडीचा काटा उष्णतेनेच दोन-तीन आकडे वर गेलेला असतो आणि तो पाहून हवा सोडून देणारे महाभाग असतात. बाकीचे तर पंपावरच्या पोराने ‘किती टाकू?’ विचारलं की ‘टाक रे बरोबर’ म्हणतात. बरोबर किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेलं असतं. दिवसातून चार वेळा ते दार आपणच उघडतो.

उरला शेवटचा आक्षेप : ‘जे व्हायचं ते होणारच.’ मग लिंबू-मिरची कशाला? दहा रुपयांच्या लिंबाने नशीब वळत असेल, तर फुकटच्या हवेनेही थोडं वळायला हरकत नसावी.

जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर तो, अशी आख्यायिका सांगतात. ड्रायव्हर मंडळी जाता जाता खिडकीतून नाणं टाकतात. ही पद्धत मोडू नये. फक्त तेच नाणं सकाळी निघताना टायरच्या खाचेत उभं करून, किती आत बुडतं ते पाहावं आणि मग खिशात टाकावं. कळप हलवताना लंगडणारं मेंढरू धनगराच्या नजरेतून सुटत नाही. शिंग्रोबा तर साऱ्या घाटाचा राखणदार. खिडकीतून आलेलं नाणं तो सावकाश उचलील, आधी वळणाआड जाणाऱ्या चाकांकडे बघेल.