फाइलचं बारसं

फोल्डरमधल्या फाइली नावाच्या साच्यावरून हुडकणारी स्क्रिप्ट दोन-चार ओळींचीच असते, पण स्वभाव जुन्या दप्तरखान्यातल्या कारकुनाचा. जे नाव सांगाल तेच शोधणार. तुमच्या मनात काय होतं, ते तुमच्यापाशी. १९७१च्या पहिल्या युनिक्समध्ये या कामाला ‘ग्लॉब’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. तेव्हापासून * म्हणजे काहीही (काही नसलं तरी चालेल) आणि ? म्हणजे नेमकं एक अक्षर. आता फाइल सापडली नाही की आपण स्क्रिप्टला बोल लावतो. खरा दोष बारशाचा असतो. पोराचं नाव ठरवायला आपण बारा दिवस घेतो, आत्या कानात ‘कुर्र’ करते. फाइलचं नाव मात्र संगणक विचारील तेव्हा, चिडून ठेवलेलं. मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच फायनल’ अशी भावंडं जन्माला येतात आणि थोरलं कोण, हे आईबापांनाही सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, दोन्हीकडे तारे लावा, काम झालं. लावा की! *बिल* म्हटलंत तर विजेच्या बिलासोबत बिल्डरची नोटीस येईल आणि बिलासखानी तोडीही. बरं, हल्लीचा शोध फाइलच्या पोटातलंही वाचतो, मग नावाचं एवढं काय? वाचायला एक फाइल हवी असेल तर काहीच नाही. पण जुन्या चारशे फाइली हलवायच्या किंवा पुसायच्या असतील, तर ‘बहुधा याच’ असं उत्तर घेऊन कोण पुढे जाईल? तिथे आडमुठा कारकूनच बरा.

मराठी माणसाची एक तक्रार मात्र रास्त आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, स्क्रिप्टला दोन वेगळी नावं. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, तिच्या हिशेबी चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. म्हणजे एकटं ? तिथे हात टेकतं. इथे बारसं करणाऱ्याला दोष देणं अन्याय होईल. इतर ठिकाणी खुशाल द्यावा, विशेषतः पुसण्याच्या आज्ञेत * आणि पुढच्या नावाच्या मधे चुकून मोकळी जागा सोडणाऱ्याला. कारकून ती जागाही इमानाने वाचतो, आधी एकट्या ताऱ्याचं काम उरकून अख्खा फोल्डर साफ करतो, आणि मग उरलेलं नाव सापडत नाही म्हणून तक्रार नोंदवतो.