तेरा जण कुठे आहेत?

12 डिसेंबर 2023. इंडोनेशियाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा पहिला जाहीर वादविवाद, जकार्तात. विषयांत मानवाधिकारही होते. उमेदवार गंजार प्रानोवो यांनी प्रतिस्पर्धी प्रबोवो सुबियांतो यांना सरळ विचारलं : 1997-98 मध्ये बेपत्ता झालेल्या तेरा जणांच्या आयांना निदान लेकरांच्या कबरीपाशी जाता यावं, यासाठी तुम्ही काही मदत कराल का?

प्रबोवो चिडले. दर पाच वर्षांनी, मतचाचण्यांत माझा आकडा वर गेला की हा प्रश्न निघतो, असं म्हणाले. ज्यांना मी पळवलं म्हणतात ते आज माझ्या बाजूला उभे आहेत, असंही म्हणाले. तेरा जण कुठे आहेत, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

प्रश्न दर पाच वर्षांनी निघतो, कारण उत्तर कधीच दिलं गेलेलं नाही. दोष विचारणाऱ्याचा नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, 14 फेब्रुवारी 2024 ला, प्रबोवोंना 9 कोटी 62 लाख मतं पडली, म्हणजे 58.6 टक्के. पहिल्याच फेरीत ते निवडून आले. तो निकाल मला मान्य आहे. पण मतपेटीतून सत्ता मिळते, निर्दोषत्व मिळत नाही. आज ते राष्ट्राध्यक्ष आहेत म्हणून उमेदवार प्रबोवोंबद्दलचे प्रश्न मिटले, असं मी मानत नाही. उलट, आता ते अधिक जोरानं विचारायला हवेत.

माणूस कोण ते आधी पाहू. वडील सुमित्रो हे देशातले नावाजलेले अर्थतज्ज्ञ आणि मंत्री. सासरे हुकूमशहा सुहार्तो, ज्यांनी बत्तीस वर्षं देश मुठीत ठेवला. प्रबोवो 1995 च्या अखेरीस 'कोपासुस' या लष्कराच्या विशेष दलाचे प्रमुख झाले. 1998 च्या मार्चमध्ये बढती मिळून 'कोस्त्राद' या राखीव दलाचे सेनापती झाले. सुहार्तोंची खुर्ची डळमळू लागली होती, विद्यार्थी रस्त्यावर होते, रुपिया कोसळला होता. याच काळात कोपासुसमधल्या 'तिम मावार' नावाच्या तुकडीनं राजवटीच्या विरोधकांना उचलायला सुरुवात केली.

एकूण तेवीस जण पळवले गेले. नऊ सुटून आले, एकाचा मृतदेह मिळाला, तेरा जण आजवर परतलेले नाहीत. सुटून आलेल्यांपैकी पियुस लुस्त्रिलानांग यांनी एप्रिल 1998 मध्ये, सुहार्तो अजून सत्तेवर असताना, आपल्या छळाची हकीकत उघडपणे सांगितली. विजेचे झटके, डोळ्यांवर पट्टी, पाण्यात डोकं बुडवणं. तसं बोलायला त्या वेळी फार मोठं काळीज लागलं असणार.

न परतलेल्यांमध्ये विजी थुकुल आहे. सोलो शहरातल्या सायकलरिक्षा ओढणाऱ्याचा मुलगा, कामगारांच्या मोर्चात ज्याच्या ओळी घोषणा होऊन जात तो कवी. त्याच यादीत सुराबायाच्या ऐर्लांगा विद्यापीठातले हर्मन हेंद्रावान आणि पेत्रुस बिमा हे विद्यार्थी कार्यकर्ते आहेत. यातल्या कुणाचंही प्रेत मिळालं नाही. मेला म्हणून रडता येत नाही आणि जिवंत म्हणून वाट बघणं सोडवत नाही, अशा अवस्थेत ही घरं पाव शतकाहून अधिक काळ आहेत. विजी थुकुलच्या पत्नीचं 2023 च्या जानेवारीत निधन झालं. नवऱ्याचं काय झालं, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मी न्यायाधीश नाही. प्रबोवोंवर कुठल्याही न्यायालयात खटला चाललेला नाही, त्यामुळे कोणत्याही न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलेलं नाही. नऊ जणांची जबाबदारी आपली, ते सगळे जिवंत परत गेले, बाकीच्यांचं आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पूर्व तिमोरमधल्या लष्करी सेवेतल्या अत्याचारांचे आरोपही ते नाकारतात. हे सगळं मी नोंदवतो, कारण आरोप करायचा तर बचावही सांगितला पाहिजे.

पण एक कागद आहे. ऑगस्ट 1998 मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सन्मान मंडळानं त्यांची चौकशी केली. हे मंडळ विरोधकांचं नव्हतं, परदेशी संघटनेचंही नव्हतं. सगळे त्यांच्याच सैन्यातले जनरल. त्यांनी प्रबोवोंना अधिकाराबाहेर जाऊन वागल्याबद्दल दोषी धरलं आणि सेवेतून काढावं अशी शिफारस केली. अपहरणाचा उल्लेख त्या कागदात आहे. सरकारनं पुढे मवाळ शब्द वापरून त्यांना निवृत्त केलं. तुकडीतल्या अकरा जणांना लष्करी न्यायालयानं शिक्षा ठोठावल्या, सगळ्या दोन वर्षांच्या आतल्या. सेनापती मात्र न्यायालयाच्या दारातही उभे राहिले नाहीत.

आता त्या मंडळातल्या जनरलांचं पुढे काय झालं ते वाचा. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत संतापजनक गोष्ट हीच वाटते.

सुसिलो बांबांग युधोयोनो मंडळाचे सदस्य होते. पुढे ते दहा वर्षं अध्यक्ष राहिले आणि 2024 मध्ये त्यांचा पक्ष प्रबोवोंच्या आघाडीत होता. अगुम गुमेलार सदस्य होते. त्या माणसांना कुठे मारलं आणि कुठे टाकलं हे आपल्याला माहीत आहे, असं ते 2019 मध्ये जाहीरपणे बोलले होते. 2024 मध्ये त्यांनी प्रबोवोंना पाठिंबा दिला. जामारी चानियागो सदस्य होते. सप्टेंबर 2025 मध्ये प्रबोवोंनी त्यांना राजकीय आणि सुरक्षाविषयक समन्वय मंत्री केलं. आणि त्या वेळचे सरसेनापती विरांतो आज प्रबोवोंचे विशेष सल्लागार आहेत.

निवाडा देणारे आरोपीच्या पंगतीला जाऊन बसले. माझ्या माहितीत एकानंही म्हटलं नाही की तेव्हा आमचं चुकलं होतं, प्रबोवो निर्दोष होते. तसं म्हटलं असतं तर निदान एक भूमिका झाली असती. त्यांनी स्वतःच्या सहीचा कागद तसाच ठेवला आणि खुर्ची घेतली. ज्याला जागा माहीत आहे त्यानं ती त्या आयांना सांगायला हवी होती. अगुम गुमेलार यांनी ती आजही सांगावी.

पळवल्या गेलेल्यांपैकी काही प्रबोवोंच्या बाजूला आहेत, हे खरं आहे. पियुस लुस्त्रिलानांग त्यांच्या गेरिंद्रा पक्षात गेले. मुगियांतो आणि नेझार पात्रिया उपमंत्री झाले, त्यात मुगियांतो यांचं खातं तर मानवाधिकारांचं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्यानं झटके सोसले त्यानं पुढे काय करावं, हे ठरवणारे आपण कोण? पण स्वतःवरचा अन्याय माफ करण्याचा हक्क त्यांचा, दुसऱ्याचा अन्याय माफ करण्याचा नाही. सुटून आलेल्या नवांच्या क्षमेनं न आलेल्या तेरांचा हिशोब पुरा होत नाही. वादविवादात प्रबोवोंनी नेमकी हीच गल्लत केली, आणि ती जाणूनबुजून केली असं माझं मत आहे.

भूतकाळ बाजूला ठेवा, विचारांवर बोला, असं त्यांचे समर्थक म्हणतात. बोलू. विचार तरी कुठे बदललेत?

सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर इंडोनेशियानं 1999 ते 2002 या काळात घटनेत चार दुरुस्त्या केल्या. अध्यक्षाला दोनच मुदती, थेट जनतेकडून निवड, लष्कराला संसदेबाहेरचा रस्ता. गेरिंद्राचं ध्येय मात्र 1945 ची मूळ घटना परत आणण्याचं. त्या मूळ घटनेत अध्यक्ष थेट जनतेकडून नव्हे, तर लोकसल्लागार सभेकडून निवडला जाई आणि त्याच्या मुदतींना मर्यादा नव्हती. सुहार्तोंची बत्तीस वर्षं त्याच फटीतून झाली. 2014 च्या प्रचारातच प्रबोवोंनी थेट निवडणुका आपल्या संस्कृतीला मानवत नाहीत, अशा अर्थाचं भाषण केलं होतं. ती निवडणूक हरल्यावर त्यांच्या आघाडीनं संसदेत राज्यपाल आणि महापौरांच्या थेट निवडणुका रद्द करणारा कायदा सप्टेंबर 2014 मध्ये मंजूर करून घेतला. लोक खवळले आणि युधोयोनोंना वटहुकूम काढून तो मागे घ्यावा लागला. अध्यक्ष झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर 2024 मध्ये, प्रबोवो पुन्हा तेच बोलले. थेट निवडणुका फार खर्चिक आहेत म्हणाले. दहा वर्षांत कारण बदललं, इच्छा तीच राहिली.

हरणं त्यांना कधी पचलं नाही, हेही नोंदवायला हवं. 2014 मध्ये निकाल नाकारला, 2019 मध्ये पुन्हा नाकारला. 2019 च्या निकालानंतर मे महिन्यात जकार्तात जी दंगल झाली तिच्यात माणसं मेली. आणि ज्या जोको विदोदो ऊर्फ जोकोवींनी त्यांना दोनदा हरवलं, त्यांनीच त्याच वर्षी प्रबोवोंना संरक्षणमंत्री केलं. 2014 च्या प्रचारात विजी थुकुलला शोधलंच पाहिजे असं म्हणणारे हेच जोकोवी. शोध लागला नाही. 2024 मध्ये त्यांचा थोरला मुलगा गिब्रान प्रबोवोंचा उपाध्यक्ष झाला. उमेदवारीच्या वेळी वय 36, कायद्यानं हवं 40. घटना न्यायालयानं अपवाद काढून वाट मोकळी केली आणि त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अन्वर उस्मान हे जोकोवींचे मेहुणे. नीतिमंडळानं त्यांना मुख्यपदावरून दूर केलं, निर्णय मात्र तसाच राहिला. गिब्रान त्याआधी सोलोचे महापौर होते. विजी थुकुलच्याच गावाचे.

मग लोकांनी मत का दिलं? जोकोवींची लोकप्रियता, शाळेत फुकट जेवणाचं आश्वासन, आणि 'गेमोय' म्हणजे गोंडस आजोबा ही प्रतिमा. टिकटॉकवर नाचणारे प्रबोवो, फलकांवर गुबगुबीत गालांचं व्यंगचित्र. निम्मे मतदार चाळिशीच्या आतले, कित्येक तर 1998 नंतर जन्मलेले. या पोरांना मी दोष देत नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, आणि शाळेच्या पुस्तकांनी तर मुळीच नाही.

आता त्या पुस्तकांवरही हात पडला आहे. सरकारनं नवा राष्ट्रीय इतिहास लिहायला घेतला. त्याचे प्रमुख सांस्कृतिक मंत्री फादली झोन, गेरिंद्राच्या संस्थापकांपैकी एक. मे 1998 च्या दंगलीत चिनी वंशाच्या स्त्रियांवर झालेले सामूहिक बलात्कार ही अफवा आहे, असं ते जून 2025 मध्ये म्हणाले. सरकारनंच नेमलेल्या सत्यशोधन पथकानं तेव्हा 52 स्त्रियांवर बलात्कार झाल्याची खातरजमा केली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये सुहार्तोंना राष्ट्रीय वीर घोषित केलं गेलं. त्याच दिवशी, त्याच यादीत, मार्सिना यांचंही नाव होतं. घड्याळाच्या कारखान्यातली ही कामगार मुलगी पगारवाढीसाठी लढली आणि 1993 मध्ये, सुहार्तोंच्या राजवटीत, छळ करून मारली गेली. तिच्या खुनाचा न्याय आजही झालेला नाही. तिला सुहार्तोंच्या शेजारी बसवणं हा तिचा सन्मान नाही, विटंबना आहे.

आपल्याला याचं काय? 26 जानेवारी 2025 ला कर्तव्यपथावर प्रमुख पाहुणे प्रबोवोच होते. आपल्या अंगात भारतीय डीएनए आहे असं ते म्हणाले आणि राष्ट्रपती भवनातल्या मेजवानीत त्यांच्या शिष्टमंडळानं 'कुछ कुछ होता है' गायलं. ती चित्रफीत घरोघरी फिरली. पाहुण्याचं आदरातिथ्य करावं, त्याबद्दल तक्रार नाही. परराष्ट्र संबंध देशाचे असतात, एका माणसाचे नसतात. पण सरकारला जे बोलता येत नाही ते वर्तमानपत्रांना बोलता येतं, आणि ते बोलायला हवं होतं.

जकार्तात ते बोललं जातं. 2007 च्या जानेवारीपासून दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून माणसं उभी राहतात. त्यांच्यात मारिया सुमार्सिह असतात. त्यांचा मुलगा वावान नोव्हेंबर 1998 मध्ये सेमांगी इथं, जखमी निदर्शकाला मदत करताना, गोळी लागून मेला.  आता त्या प्रासादात प्रबोवो आहेत आणि गुरुवार चुकलेला नाही.

या आयांची मागणी अवास्तव नाही. सप्टेंबर 2009 मध्ये इंडोनेशियाच्या संसदेनंच चार शिफारशी केल्या : या अपहरणांसाठी विशेष मानवाधिकार न्यायालय नेमावं, तेरा जणांचा शोध घ्यावा, कुटुंबांना भरपाई द्यावी, आणि सक्तीनं बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करावा. जानेवारी 2023 मध्ये जोकोवींनी ही अपहरणं मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन होती, असं राष्ट्राध्यक्ष या नात्यानं मान्य केलं. पण ते न्यायालय काही नेमलं गेलं नाही. तिथल्या कायद्यानुसार असं न्यायालय राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं स्थापन होतं. ती सही आता प्रबोवो सुबियांतो यांना करायची आहे.