लोहस्तंभ घरच्या घरी: नवशिक्यांसाठी कृती

साहित्य: लोखंडाचे गोळे (एकूण सुमारे 7 टन), कोळसा, भाते, घण, सांडशा, समजूतदार शेजारी.

नमुना धारला लाट मशिदीपाशी पाहून घ्यावा. राजा भोजाच्या काळातला मानला जाणारा खांब तिथे तीन तुकड्यांत पडून आहे. तुकडे जोडले तर लांबी 13 मीटरच्या आसपास भरते. दिल्लीचा प्रसिद्ध खांब 7 मीटरचा.

1. ओतायला जाऊ नका. लोखंड 1538 अंशांना वितळते. एवढी धग त्या काळच्या भट्ट्यांतही नव्हती. गोळे तापवून एकावर एक ठोकत जोडायचे.

2. रंग ओळखा. लालबुंद लोखंड वाकते, पण जुळत नाही. पिवळे होऊन पांढऱ्याकडे झुकले (सुमारे 1250 ते 1300 अंश) की आतली मळी पातळ होते, घणाखाली बाहेर उडते आणि लोखंडाला लोखंड भिडते. त्याआधी घाई केलीत तर जोड देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीसारखा होईल: गाव एक, राज्ये दोन. देवासला ते 1948 पर्यंत निभले, खांबाला निभणार नाही.

3. उत्साह आवरा. फार वेळ तापवले तर स्फटिककण फुगतात. ठिणग्यांची फुलबाजी सुटली म्हणजे लोखंड जळू लागले. उलट निवल्यावर ठोकत बसलात तर कण चेपून धातू कडक आणि ठिसूळ होतो. योग्य धगीत मात्र चेपलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होतात.

4. हे झेपत नसेल तर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा लाटा. थंडपणी त्याचे अणूंचे थर बहुतांशी एकाच पातळीत सरकतात, म्हणून कडा फाटतात. सुमारे 225 अंशांपुढे इतर पातळ्याही मोकळ्या होतात. 300 ते 400 अंशांत पत्रा मुकाट्याने पातळ होतो. रूळही तापवा, नाहीतर पत्र्याची धग तेच पिऊन टाकतात. जास्त तापवलात तर इथेही कण जाडे. भुगा पेटला तर पाणी ओतू नये, आग भडकते.

5. खांब उभा राहिला की हलवू नका. गुजरातच्या बहादूरशहाने धारचा खांब न्यायला काढला आणि उतरवताना मोडला, असे जहांगीर आठवणींत लिहितो. मग त्याने स्वतःच मोठा तुकडा आग्र्याला नेण्याचा हुकूम सोडला. अकबराच्या कबरीच्या अंगणात त्यावर दिवा लावायचा होता. तुकडा अजून धारमध्येच आहे. वाहतुकीचा खर्च आधी विचारून घ्यावा.