तळ्यावर आळ

"काकू, डार्विनचंसुद्धा चुकलं होतं म्हणे!"

"चुकलं म्हणजे? चांगलं छापून चुकलं, १८३९ साली. स्कॉटलंडात ग्लेन रॉय नावाची दरी आहे. तिच्या उतारांवर तीन आडव्या रेघा, रस्ते आखल्यासारख्या सरळ. वरची समुद्रसपाटीपासून ३५० मीटरवर, मधली ३२५, खालची २६०. डार्विन म्हणाला, हे समुद्राचे जुने किनारे. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडचा लुई आगासी तिथे गेला. तो म्हणाला, छे! हिमनदीने दरीचं तोंड बुजवलं होतं, आत पाणी तुंबलं, त्या तळ्याचे हे काठ. डार्विनला शेवटी मुकाट्याने मान्य करावं लागलं."

"म्हणजे हिमयुगातलं बर्फ ते?"

"तीच तर मेख आहे! हिमयुग आवरतं घेत होतं, हवा उबदार झाली होती. आणि १२,९०० वर्षांपूर्वी थंडी एकदम उलटली. त्या वेळचं हे बर्फ. यंगर ड्रायस म्हणतात त्या काळाला."

"थंडी टिकली किती?"

"११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत."

"बाराशे वर्षं! आमच्या नणंदबाईंच्या वरताण मुक्काम की."

"हळू बोल, ऐकतील! डेन्मार्कातल्या आलेरोडला विटांची माती काढायच्या खाणीत या थंडीचा पुरावाच मिळाला. खालच्या चिकणमातीत ड्रायसची बारकी पानं. ही पांढऱ्या फुलांची वनस्पती कडाक्याच्या थंडीतली, जमिनीला चिकटून वाढणारी. त्याच्यावर काळसर गाळ, त्यात बर्च झाडांचे अवशेष. आणि त्याच्यावर पुन्हा ड्रायसची पानं. झाडं आली आणि थंडीने हुसकून लावली, सगळं थरांत जसंच्या तसं."

"पण काकू, हे केलं कोणी?"

"संशय एका तळ्यावर आहे. कॅनडात वितळत्या बर्फाचं अफाट सरोवर साचलं होतं, आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी त्याच्यापुढे कमीच. आणि नाव काय, तर आगासी! वॉलेस ब्रोकर या शास्त्रज्ञाने १९८९ साली मांडलं की त्या तळ्याचं पाणी सेंट लॉरेन्स नदीच्या वाटेने अटलांटिकात गेलं. काही जण म्हणतात, नाही, मॅकेन्झी नदीने उत्तरेला आर्क्टिकमध्ये गेलं. वाटेवरून अजून भांडतायत."

"पाणी गेलं तर गेलं. त्याने थंडी कशी पडेल?"

"अगं, उत्तर अटलांटिकात खारं पाणी गार होऊन जड होतं नि तळाशी जातं. त्याच्या जागी दक्षिणेचं उबदार पाणी उत्तरेकडे ओढलं जातं. गोडं पाणी हलकं. ते वरच पसरलं, बुडेना. रहाटगाडगं मंदावलं, ऊब पोचेनाशी झाली."

"म्हणजे बर्फ वितळलं म्हणून थंडी पडली? कमालच म्हणायची!"

"हो ना. २००७ साली काही जणांनी धूमकेतूवर आळ घातला, तो फुटून आदळला म्हणे. पण बहुतेकांना ते पटलेलं नाही."

"आपल्याला काही झळ?"

"झळ नाही, ओढ बसली. मेघालयातल्या मॉमलूह गुहेत ठिबकत्या पाण्याने चुन्याचे थर चढलेत. त्यातल्या ऑक्सिजनवरून जुन्या पावसाचा अंदाज येतो. त्या काळात आपला मोसमी पाऊस अशक्त होता. बिघाड तिकडे अटलांटिकात, पावसाची वाट इकडे."

"मग थंडी गेली कशी?"

"आली तशीच, तडकाफडकी. ग्रीनलंडात तीन किलोमीटर खोल भोकं पाडून बर्फाचे गाभे काढलेत. त्यांवरून दिसतं, काही दशकांतच तिथलं तापमान दहाएक अंशांनी चढलं. बर्फवृष्टी तर तीनेक वर्षांत दुप्पट झाली असावी. हवामान हजारो वर्षं घेऊन सावकाश बदलतं, असं आपण धरून चालतो. तीन वर्षांत तर घरातलं पोर बालवाडीतून पहिलीत जातं."

"बाई गं! ग्रीनलंडचं बर्फ तर आताही वितळतंय."

"वितळतंय. तेवढं मोठं तळं आता उरलेलं नाही, हे एक बरं. पण या शतकात अटलांटिकातलं ते रहाटगाडगं मंदावणार, असं आयपीसीसी या जागतिक हवामान समितीच्या २०२१च्या अहवालातही आहे. ते साफ बंद पडेल का, यावर मात्र एकमत नाही. म्हणून २००४पासून अटलांटिकात बहामापासून आफ्रिकेपर्यंत तळाशी नांगरलेल्या दोरांवर यंत्रं लावून मोजणी चाललीय."

"म्हणजे पाळतच की! कोण आलं, कोण गेलं, किती जोरात गेलं. आपण दोघींनी केलं की चहाड्या, त्यांनी केलं की संशोधन!"