ऊन धरून वेग

यवतमाळात ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेण्यामागचा विचार निर्दोष आहे. इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर झेड मालिकेचाच बोर्ड हवा, स्वस्तातल्या बी मालिकेवर ती मुभा नाही. शिवाय प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर जाडजूड हीटसिंक हवा, म्हणजे पैसे मोजल्याचे डोळ्यांना दिसते. शंकेखोर विचारतील, मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पंखे गार वारा आणणार कुठून? आणि १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो त्याचे काय? हा आक्षेप कोत्या मनाचा आहे. वेग विकत घ्यायचा असतो, वापरायचा नसतो. उलट कूलर घरच्यांकडून काढून कॅबिनेटपुढे लावावा; माणसांना वॉरंटी नसते. राहिला वारंवार वीज जाण्याचा मुद्दा. तर प्रोसेसर हमखास थंड करणारी तेवढी एकच यंत्रणा इथे आहे, आणि तिला आरजीबी दिवेही लागत नाहीत.