पासिंग संपलं, भाव वाढला

खामगावात भावाचं गणित पक्कं असतं. कापूस क्विंटलवर, चांदी किलोवर. जुनी मारुतीही किलोवरच, फक्त काटा भंगारवाल्याचा. चांदीनं किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा आजीच्या तोरड्या मोडून बसलेले हळहळले. आता हळहळीची दुसरी लाट आली आहे. पुण्यात स्थिरावलेली पंचेचाळिशीची मंडळी दिवाळीला गावी येतात, रिकाम्या पोर्चकडे बघतात आणि म्हणतात, ‘बाबांनी ती एट हंड्रेड विकायला नको होती.’

बाबा गप्प बसतात. ती एट हंड्रेड विकूनच चिरंजीवांच्या इंजिनिअरिंगची फी भरली होती, हे सणासुदीला कोण काढणार?

एट हंड्रेडही मुळात जपानीच. तर सध्याचा गहन प्रश्न असा की, कोणती जपानी गाडी झाकून ठेवली तर उद्या घबाड हाती लागेल? प्रश्न अगदीच हवेतला नाही. टोयोटानं 1967 ते 1970 या काळात ‘2000 जीटी’ नावाच्या जेमतेम साडेतीनशे गाड्या बनवल्या. 2013 साली अमेरिकेतल्या लिलावात त्यातल्या एकीनं दहा लाख डॉलरचा आकडा पार केला. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आरची गंमत आणखी वेगळी. तिकडचे नियम न पाळणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय अमेरिका सहसा आत घेत नाही. त्यामुळे तिथली पोरं गाडीचा वाढदिवस मोजत बसतात आणि पंचविशी गाठली की भाव चढतो. आपल्याकडे पंधरा वर्षं भरली की पासिंगची तारीख येते. तिकडे गाडी वयात आली म्हणतात, इकडे गेली म्हणतात.

भाव चढतो तो तरी कशाचा? इंजिनाचा नव्हे. ज्या पोरांच्या खोलीत या गाडीचं पोस्टर होतं, व्हिडिओ गेममध्ये जिला त्यांनी रात्र रात्र पळवलं, त्यांच्या हातात आता पैसा आला, एवढंच. आपल्याकडे पोस्टरची गरज पडली नाही. गाडी समोरच्या डॉक्टरांकडे होती किंवा जिनिंगवाल्या शेटजींकडे. काचेला नाक लावून आत बघताना जो ओरडा खाल्ला, त्याची भरपाई आता चक्रवाढ व्याजानं चालली आहे.

पहिला मान अर्थातच मारुती 800चा. सुझुकीच्या छोट्या गाडीवर बेतलेली, तीन सिलिंडरची. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात चावी दिली. पुढे ती गाडीसुद्धा मालकाच्या पश्चात दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. नंतर कंपनीनं ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात मांडली. पंतप्रधानांचा हात लागलेल्या गाडीची ही गत. आपल्या गाड्यांवर तर कोंबड्या बसल्या. 2014च्या जानेवारीत 800 बनणं थांबलं आणि मग सगळ्यांना ती एकदम सुंदर दिसू लागली. त्यातही 1986च्या आधीचं, चौकोनी तोंडाचं पहिलं मॉडेल हवं म्हणतात.

परवा बायपासवरच्या एका गॅरेजात असलीच एक निंबाखाली उभी होती. मागच्या काचेवर ‘जय गजानन’, त्यातला ‘ज’ उडालेला. नवा मालक पुण्याचा. फोनवरून फर्मान सोडत होता, सगळं ओरिजनल पाहिजे. मिस्त्री वाकून बसले, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा फिरवला, कान जवळ नेला, पुन्हा तसूभर मागं घेतला. खोकणारं इंजिन शिलाई मशीनसारखं चालू लागलं. ‘इंजनाले काही नाही झालं,’ ते म्हणाले, ‘खालचा पत्रा सडला. पाय ठेवसान तं डांबराले लागते.’ आणि ओरिजनल? ‘ओरिजनल तं याच्या बापानंच काढून फेकलं राजेहो. गॅस किट बसवली, डॅशबोर्डवर पंखा लावला, बंपरले गार्ड ठोकला. आता म्या कुठून आणू?’ शेजारी त्यांचा मुलगा नव्या गाडीला स्कॅनर जोडून मोबाइलवर चुका वाचत होता. याही गाडीला लाव की, म्हटलं. मिस्त्री हसले. ‘स्कॅनर खुपसाले हिच्यात जागाच नाही ना भाऊ.’

बाकीच्यांची यादी भराभर उरकतो.

जिप्सी: 1985ची. लष्करानं वापरली, पोलिसांनी वापरली, नेत्यांच्या ताफ्यात धावली. सरकारी लिलावातून सुटलेली जिप्सी आज डोंगर चढणाऱ्या हौशी मंडळींच्या तावडीत आहे. भाव चढलेला आहे, उशीर झाला.

होंडा सिटी, जुनी व्हीटेक: दीड लिटरमधून 106 घोडे काढणारी. हिला पळवणाऱ्यांनी इतकी पळवली की धड उरलेली सापडणं हाच खजिना.

मित्सुबिशी लान्सर: दिसायला राणी, पार्ट मिळवायला वनवास. कंपनीनं कारभार आवरला; आरशाची काच फुटली तरी चार जिल्हे पालथे घालायचे.

क्वालिस: 2000 ते 2005. कुरूप, दणकट, अमर. वऱ्हाडातल्या निम्म्या वराती हिनंच वाहिल्या असाव्यात. हिला जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, म्हणूनच ही दुर्मीळ होणार.

ओम्नी: हिंदी सिनेमात अपहरण हिच्यातूनच व्हायचं, सरकत्या दरवाजाची कृपा. आपल्याकडे अपहरण शाळेच्या पोरांचं व्हायचं, सकाळी सातला, एका खेपेला मोजता येणार नाहीत इतक्यांचं. सुट्टीच्या दिवशी मागची सीट काढून सोयाबीनचं बियाणं. 2019ला बनणं थांबलं. मूळ सीटांसकट ओम्नी कुणी दाखवली तर मी तिकीट काढून बघायला येईन.

आणि चार चाकांचा हट्ट नसेल तर यामाहा आरएक्स 100. 1985 ते 1996. जुन्या बाजारात लाखाच्या घरात मागतात, आणि ‘जपान मेड’ म्हटलं की आवाज खाली आणून मागतात. विकणारा दर वेळी तीच शपथ घेतो. जपानहून एवढ्या आल्या असत्या तर तिकडे एकही उरली नसती.

आता कायद्याकडे. 2022मध्ये पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून थेट 5,000 झाली. वर पर्यावरण कर. दर पाच वर्षांनी हाच वनवास. पण 2021च्या नियमानुसार गाडी पन्नास वर्षांची झाली की सरकारचा सूर पालटतो. ती ‘विंटेज’ ठरते, 20,000 रुपये भरून नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. मुख्य अट: गाडी मूळ स्वरूपात हवी. म्हणजे बाबांचा गार्ड आणि गॅस किट आडवे आलेच. शिवाय ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोज बाजारात पिशवी घेऊन जायची नाही.

हिशेब सोपा आहे. पहिली मारुती 2033 साली पन्नाशी गाठेल. तोवर पंधराव्या वर्षी नकोशी, विसाव्या वर्षी भंगार, तिसाव्या वर्षी वेडेपणा आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली वर्षं ज्यानं काढली तो शहाणा, पण ती काढताना त्याला सगळं गाव खुळा म्हणत असतं.

तेव्हा गुंतवणूक म्हणून गाडी घेत असाल तर एक सल्ला, फुकट. तिचं पासिंग कधी संपतं ते नंतर बघा; कार्बोरेटर कानानं लावणाऱ्या मिस्त्रीचं वय आधी विचारा.