हंगामी पुली

वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असता, ऐन दुपारी यवतमाळच्या दत्त चौकातून एखादी वयोवृद्ध पांढरी मोटार चारही काचा घट्ट मिटून जाताना आढळली, आणि चाक धरून बसलेल्या गृहस्थांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहताना दिसले, तर ते आमचे नाझरसाहेब होत असे खुशाल समजावे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तहसिलीतून सेवानिवृत्त झालेली ही विभूती जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात एक तरी सापडतेच.

चैत्रात त्यांच्या मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर जागच्या जागी जखडला. निव्वळ गारवाच गेला असता तर साहेबांनी प्रकरण दप्तरी दाखल करून टाकले असते. परंतु ज्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर, त्याच पट्ट्यावर आल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरत असल्यामुळे एकाच्या हटवादापायी सारे खाते बंद पडण्याची वेळ आली. “साहेब, पुली फिरूनच नाही राहिली, पट्टा जळून जाईन,” मिस्त्री म्हणाला. नवा कॉम्प्रेसर बसवावा, तर जुन्याने पोटातला धातूचा चुरा नळ्यांत सोडलेला. म्हणून नळ्या धुवा, ड्रायर बदला, तेल घाला, आतली हवा खेचून मग गॅस भरा. एका नेमणुकीपाठी इतक्यांचा भत्ता मंजूर करणे साहेबांच्या शिस्तीत बसेना.

आधी आखूड पट्ट्याची तजवीज झाली. मिस्त्रीने पुल्यांभोवती सुतळी गुंडाळून माप घेतले, पण तो मार्ग पंपाच्या पुलीला जेमतेम शिवत होता. तेव्हा साहेबांनी तोड काढली ती अस्सल सरकारी: कॉम्प्रेसरला बेमुदत रजा, आणि त्याच्या जागी एक रिकामी पुली हंगामी म्हणून. ती बसल्यावर बॉनेट उघडून ते तिच्याकडे बराच वेळ कौतुकाने पाहत राहिले. दिवसभर गरगर फिरते, कसलेही काम करीत नाही, आणि तिच्यावाचून खाते मात्र चालत नाही. त्यांना बहुधा आपली उमेदीची वर्षे आठवली असावीत.

काचा मिटण्यामागे अब्रूचा प्रश्न होता. वस्ती संपल्याखेरीज त्या खाली येत नसत.

“अहो, काचा उघडा न! इस्तवात बसल्यावानी लागून राहिलं,” मागून बाई म्हणत.

परवा वणीला जाताना नातवाने एसीची कळ दाबली. दिवा लागला, पंख्याने उष्ण वाफ तोंडावर फेकली.

“आबा, गार हवा कुठं हाय?”

“दिवा लागला ना? मग अर्ज पोचला,” नाझरसाहेब म्हणाले, आणि मारेगाव दिसू लागताच त्यांनी काच पुन्हा वर चढवली.